'चेक' या शब्दाविषयी चार शब्द

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने काहीतरी बोलावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. मागील वर्षी लहान मुलांच्या दातांविषयी भाषण झाले, त्याच्या आदल्या वर्षी परसातील औषधी झाडांविषयी झाले. यंदा चिटणीसबाईंनी मला न विचारताच माझे नाव यादीत घालून टाकले! माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी मला येते ते दुकानाच्या पाट्या आणि औषधाच्या बाटल्या वाचण्यापुरते. तरीही मी आज बोलणार आहे ते एका इंग्रजी शब्दावर, आणि त्याला कारण आपल्या मंडळातच घडले आहे.

श्रावणातल्या मासिक सभेत पापड-मसाल्याच्या कामाचा हिशेब निघाला. एका भगिनीने सुचविले की, दर महिन्याला दोघीतिघींनी बसून हिशेब चेक करावा. त्यावर दुसरी एक भगिनी चटकन म्हणाली, "चेक करायचा म्हणजे काय? आमच्यावर विश्वास नाही का?" सभा एकदम गप्प झाली. नंतर चहा झाला, पण नेहमीसारखा गप्पांचा झाला नाही. घरी येताना माझ्या डोक्यात तो एकच शब्द घोळत राहिला. हा 'चेक' आहे तरी कोण, आणि तो इतका का बोचला?

विचार करता करता माझ्या लक्षात आले की, हा शब्द तर आपल्या घरात दिवसभर वावरतो. धाकटा म्हणतो, "आई, माझा गृहपाठ चेक कर." निजताना हे म्हणतात, "गॅस बंद केला का, चेक कर." मुलीला ड्रेस हवा तो चेक्सचा. रेल्वेत तिकीट बघायला येतो तो चेकर. डॉक्टरांकडे जायचे ते चेकअपला. बँकेत लिहायचा तोही चेक. आणि थोरला बुद्धिबळाच्या पटावर घोडा उचलून ओरडतो, "चेक!" एकच शब्द, पण पाहुण्यासारखा प्रत्येक खोलीत निराळ्या नात्याने बसलेला. मग वाचनालयातील मोठा इंग्रजी कोश मुलीकडून वाचवून घेतला, आणखी दोनतीन पुस्तके मागविली, आणि जी माहिती मिळाली ती ऐकून मी तर चकितच झाले. तीच आज आपल्यापुढे ठेवते.

भगिनींनो, या शब्दाचे मूळ इंग्लंडात नाही. ते आहे इराणात, आणि त्याच्याही मागे जावे तर आपल्या भारतात. आपल्याकडे फार पूर्वी चतुरंग नावाचा खेळ होता. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे, म्हणून चतुरंग. सातव्या शतकात होऊन गेलेल्या बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त त्याचा उल्लेख आहे. हा खेळ इराणात गेला, तेथे चतुरंगचे चत्रंग झाले. इराणी भाषेत राजाला शाह म्हणतात. आपल्या बादशहात तोच शहा आहे. खेळताना एखाद्याने राजावर मारा धरला की तो मोठ्याने 'शाह!' म्हणे. म्हणजे, बाबा रे, तुझा राजा सांभाळ. आणि राजाला हलायला जागाच उरली नाही की म्हणत 'शाह मात', म्हणजे राजा हतबल झाला. आपण मराठीत 'शह दिला', 'संकटावर मात केली' असे म्हणतो ना, ते शब्द याच पटावरून उठून आपल्या बोलण्यात आले आहेत.

सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले आणि हा खेळ त्यांनी उचलला. अरबी भाषेत 'च' हे अक्षर नाही, म्हणून चत्रंगचे शतरंज झाले. अरबांकडून तो युरोपात गेला. तेथे 'शाह'चे लॅटिनमध्ये 'स्काकस' झाले, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाले, आणि इंग्लंडात येता येता पुढचा 'ए' गळून 'चेक' उरला. इतकेच नव्हे, तर इंग्रजीत बुद्धिबळाला 'चेस' म्हणतात तोही याच शब्दाच्या अनेकवचनातून आलेला आहे. आपली मुलगी सासरी गेली, तेथून तिची मुलगी आणखी दूर दिली, आणि चार पिढ्यांनी कोणी परका पाहुणा दारात आला तर त्याचे नाकडोळे पाहून वाटावे, अरे, हा तर आपल्याच घरचा, तशातला हा प्रकार आहे. थोरला 'चेक' म्हणतो आणि त्याचे आजोबा 'शह' म्हणतात, तेव्हा दोघेही एकच शब्द बोलत असतात.

येथे एक गंमत सांगते. आपल्या पटावर राजाच्या शेजारी वजीर असतो. युरोपात गेल्यावर या वजिराची राणी झाली. पूर्वी हा मोहरा दुबळा होता, तिरपे एकच घर सरकायचा. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात नियम बदलले आणि राणी पटावरचा सर्वांत बलवान मोहरा ठरली. पुरुषांनी केलेल्या खेळात एवढी एक गोष्ट चांगली झाली म्हणायची! आणि पटावरच्या राणीपुरतेच हे राहिले नाही. आपल्या मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकी वासंतीने १९७४ साली स्त्रियांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, रोहिणी १९८१ साली आशियाई विजेती झाली, आणि २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामना होता तोही आपल्याच कोनेरू हंपीशी. म्हणजे शह देणारीही आपली आणि शह घेणारीही आपली.

आता या शब्दाचे अर्थ कसे वाढत गेले ते पाहा. राजाला शह बसला की त्याला पुढे जाता येत नाही, आधी थांबून जीव सांभाळावा लागतो. त्यावरून 'चेक' म्हणजे थांबविणे, आवर घालणे असा अर्थ झाला. चूक पुढे जाऊ नये म्हणून मध्येच थांबून पाहायचे, त्यावरून तपासून पाहणे असा अर्थ झाला. गृहपाठ, गॅस, तिकीट, रक्तदाब हे सारे त्या अर्थाचे चेक.

कापडाचे चेक्स पटावरून आले. बुद्धिबळाच्या पटाला फ्रेंचमध्ये 'एशेकिए' म्हणत. त्याच्यासारखे काळेपांढरे घर ज्या कापडावर, ते चेकरचे कापड, आणि थोडक्यात चेक्स. पण यातही एक नवल आहे. आपल्याकडील जुन्या पटावर नुसत्या रेघा असत, सगळी घरे एकाच रंगाची. एकाआड एक काळीपांढरी घरे करण्याची चाल युरोपातली. आपण मात्र त्या नक्षीला आपले साधे नाव ठेवले, चौकडा. चौकड्यांचे लुगडे म्हटले की डोळ्यांपुढे बरोबर तेच उभे राहते.

आणि एक चेक असाही आहे की, त्याचा या घराण्याशी काडीचाही संबंध नाही. वर्तमानपत्रात 'चेक खेळाडू' असे वाचून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हा काय तपासणारा खेळाडू?" हा चेक म्हणजे युरोपातील एका देशाचा माणूस. त्या लोकांचे मूळ नावच तसे आहे, आणि चेक नावाच्या एका मूळपुरुषाची दंतकथा ते सांगतात. इंग्रजीत त्याची अक्षरे निराळी लिहितात, पण आपल्या बाळबोधीत दोघेही 'चेक'च. १९९३ च्या १ जानेवारीला चेकोस्लोव्हाकियाची दोन राज्ये झाली, त्यांतले एक या चेक लोकांचे. त्यांची आपली ओळख नाही असे मात्र म्हणू नका हो! शाळा उघडायच्या वेळी आपण मुलांना ज्या बाटाच्या दुकानात नेतो, तो बाटा मूळचा चेक. १८९४ साली झ्लीन या गावी त्याचा धंदा सुरू झाला.

आता मी मुख्य गोष्टीकडे वळते. पटावरचा हा शब्द बँकेत कसा शिरला?

इंग्लंडात बाराव्या शतकात सरकारी खजिन्याचा हिशेब करण्याची एक पद्धत होती. त्या काळच्या रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने तिचे सविस्तर वर्णन करून ठेवले आहे. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे एक मेज असे. कडेने चार बोटे उंच काठ, म्हणजे वर ठेवलेले काही घरंगळून पडू नये. मेजावर काळे कापड अंथरीत, आणि त्यावर वीतभर अंतराने रेघा असत. ते दिसे अगदी बुद्धिबळाच्या पटासारखे, म्हणून त्याला नाव पडले 'एक्स्चेकर'. त्या चौकटींत सोंगट्या मांडून हिशेब करीत. एका रांगेत पेन्स, पुढच्या रांगेत शिलिंग, त्यापुढे पौंड, वीस पौंड, शंभर पौंड. एका बाजूला खजिनदार आणि राजाची माणसे, समोर त्या त्या परगण्याचा वसुली अधिकारी. येणे किती ते एका ओळीत मांडायचे, भरणा किती झाला ते दुसऱ्या ओळीत, आणि एकातून एक वजा करायचे, सर्वांच्या देखत.

मला या गोष्टीतले सर्वांत आवडले ते हे की, ज्याला लिहितावाचता येत नाही त्यालाही तो हिशेब डोळ्यांनी दिसत होता. हातचा कोणता धरला, कोणता सोडला, हे लपविण्याची सोयच नव्हती. आजही इंग्लंडच्या अर्थमंत्र्याला 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात, म्हणजे पटाच्या कापडाचा मंत्री! आठशे वर्षांच्या त्या पदावर पहिली स्त्री आली ती २०२४ च्या जुलैमध्ये, रेचेल रीव्ह्‌ज तिचे नाव. आपल्याकडे मात्र १९७० सालीच इंदिरा गांधींनी देशाचे अंदाजपत्रक मांडले होते. या बाबतीत आपण पुढे होतो, हे मुलींना जरूर सांगावे.

याच खजिन्यात पावतीसाठी लाकडाची काठी वापरीत. कागद नव्हे, काठी! तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताएवढी रुंद खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला सातूच्या दाण्याएवढी. मग ती काठी उभी चिरायची. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. पुढे वाद निघाला तर दोन्ही भाग एकमेकांना लावून पाहायचे. खाचा जुळल्या तर खरे, एकानेही मागाहून खाच पाडली असेल तर लबाडी उघडी. ही पद्धत १८२६ सालापर्यंत चालली. उरलेल्या जुन्या काठ्या १८३४ च्या १६ ऑक्टोबरला भट्टीत घालून जाळल्या, त्या इतक्या की, त्या आगीत पार्लमेंटची इमारतच जळाली. सांगायचा मुद्दा हा की, एकाच व्यवहाराची दोघांजवळ दोन अर्धी असावीत, ही कल्पना किती जुनी आहे पाहा.

अठराव्या शतकात इंग्लंडातील सावकारी पेढ्यांवर पैसे देण्याच्या चिठ्ठ्या छापील मिळू लागल्या, तेव्हा तीच कल्पना कागदावर आली. चिठ्ठीचा एक भाग फाडून द्यायचा, दुसरा वहीत राहायचा. त्या वहीत राहणाऱ्या भागालाच आरंभी 'चेक' म्हणत! कारण त्याच्यावरून ताडून पाहता येई, खोट्या चिठ्ठीला शह बसे. मग हळूहळू ते नाव फाडून दिलेल्या कागदाला चिकटले. आपण चेकबुकात तारीख, नाव आणि रक्कम टिपून ठेवतो, ज्याला मराठीत स्थळप्रत असे सुंदर नाव आहे, तो खरा मूळचा चेक. काही विद्वान असेही म्हणतात की, हा शब्द अरबी व्यापाऱ्यांच्या 'सक्क' नावाच्या चिठ्ठीवरून आला. बहुतेक कोशकार मात्र शहाचीच वाट धरतात. आपल्या हुंडीचाही संसार याच जातीचा होता.

भगिनींनो, मी स्थळप्रतीवर एवढा वेळ का घालविला, याला एक घरची गोष्ट कारण आहे. माझी थोरली बहीण तालुक्याच्या गावी राहते, शिवणकाम करते. काही वर्षांपूर्वी दोन शिलाईची यंत्रे घेण्यासाठी तिने तेथल्या एका माणसाकडून साठ हजार रुपये घेतले. त्याने तारण म्हणून तिच्या पाच कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या. "नुसते ठेवून देतो हो ताई, भरणार थोडाच आहे," असे गोड बोलला. दर महिन्याला त्याचा माणूस येऊन तीन हजार रोख नेई. चोवीस महिन्यांत बहात्तर हजार देऊन झाले. ताईने चेक परत मागितले, तर आज देतो, उद्या देतो. आणि एके दिवशी वकिलाची नोटीस आली की, तुमचा एक लाख ऐंशी हजारांचा चेक वठला नाही, पंधरा दिवसांत पैसे भरा, नाहीतर फौजदारी खटला होईल. ताईने तो आकडा कधी लिहिलाच नव्हता. पण खाली सही तिची होती.

चार दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. भाऊजी तर तोंडात मारल्यासारखे बसून होते. तेव्हा आम्हाला कळले ते मी आपल्यालाही सांगते, कारण हे प्रत्येकीला ठाऊक असायलाच हवे. चेकचा कायदा १८८१ सालचा आहे. त्यात १९८९ च्या १ एप्रिलपासून एकशे अडतिसावे कलम लागू झाले. खात्यात पैसे नसल्यामुळे चेक परत गेला तर, घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत लेखी मागणी करायची, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर तो गुन्हा होतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कोरा चेक सही करून दिला, तर दुसऱ्याने त्यावर आकडा भरला एवढ्याने आपण सुटत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले आहे. देणे नव्हते, किंवा देऊन झाले आहे, हे पुढे आपण दाखवून द्यावे लागते.

ताईला ते दाखविता आले, आणि ते एका दोनशे पानी वहीमुळे. तिने पहिल्या हप्त्यापासून एक शिस्त ठेवली होती. हप्ता न्यायला आलेल्या माणसाकडून ती वहीत तारीख, रक्कम आणि सही घेई. तो हसे. म्हणे, "ताई, एवढ्याशा पैशाला सही? माझ्यावर विश्वास नाही का?" ती म्हणे, "विश्वास आहे म्हणून तर पैसे हातात देते. पण माणूस विसरतो, वही विसरत नाही." त्या चोवीस सह्यांच्या नकला वकिलाने उत्तरासोबत लावल्या. तरीही त्या माणसाने खटला घातला. चौथ्या तारखेला मात्र त्याने तो काढून घेतला आणि उरलेले चार चेक परत दिले. यात एक वर्ष गेले, आणि वकिलाच्या खर्चापायी ताईच्या दोन बांगड्या गेल्या. ताईने देताना अर्धी काठी स्वतःजवळ ठेवली होती, म्हणून तिची यंत्रे वाचली. नाहीतर ती मोडून द्यावी लागली असती, आणि पोट त्यांच्यावर होते.

आता 'विश्वास नाही का?' हे वाक्य पुन्हा ऐका. ताईला तो माणूस जे म्हणाला, तेच शब्द आपल्या सभेत आले. म्हणणाऱ्यांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे मी आधी स्पष्ट सांगते. आपल्या खजिनदार काकूंनी अकरा वर्षे या मंडळाचा पैसा सांभाळला. पहिल्या वर्षी तो एका डब्यात मावत होता. एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. पावसापाण्यात बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या, रिक्षाचे भाडेसुद्धा कधी मंडळाच्या खाती टाकले नाही. तेव्हा काकू, आज मी जे बोलणार आहे, ते तुमच्याविषयी नाही. ते तुमच्यासाठी आहे.

आपल्या खात्यावर दोन सह्यांचा नियम आहे. पण अध्यक्षबाईंना वरचेवर मुलाकडे पुण्याला जावे लागते, म्हणून त्या आठदहा चेकवर आधीच सह्या करून जातात. ही गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे आणि सोयीची म्हणून आपण सर्वजणी गप्प आहोत. पूर्वी खात्यात पाचसहा हजार असत, तेव्हा निभावले. आता पापड-मसाल्याचे काम वाढले आहे. बावीस घरांतील बायकांची मजुरी त्या खात्यातून जाते. उद्या ते चेकबुक पिशवीतून पडले, कोणाच्या हाती लागले, तर बोल कोणाला लागेल? चोराला कोणी ओळखत नाही. बोल काकूंनाच लागेल. अकरा वर्षांचा प्रामाणिकपणा एका दिवसात लोकांच्या तोंडी जाईल, आणि तो खरा होता हे दाखवायला हातात काहीही नसेल.

म्हणून मी म्हणते की, चेक करणे हा अपमान नव्हे. या शब्दाचा जन्मच पाहा ना. शह देणारा राजाच्या पाठीत सुरा खुपसत नाही. तो तोंडाने 'शह' म्हणतो, समोरच्याला सावध करतो आणि राजा वाचविण्याची संधी देतो. न बोलता मोहरा मारणे सोपे असते. आपणही सभेत हिशेब विचारला तर तो शह. सभेत गप्प बसून मग पाणवठ्यावर, म्हणजे आता गच्चीवर आणि फोनवर, "काय चालले आहे कोण जाणे" असे कुजबुजलो, तर ती कुचाळकी. काकूंना खरे दुःख कशाने व्हावे, ते आपणच ठरवावे.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, सही केलेला कोरा चेक यापुढे कधीही ठेवायचा नाही. अध्यक्षबाई गावाला असतील तेव्हासाठी तिसऱ्या एका भगिनीची सही बँकेत नोंदवून ठेवावी, म्हणजे कोणत्याही दोघींच्या सह्यांनी काम चालेल. दुसरी, मजुरीचा चेक लिहितानाच स्थळप्रत पुरी भरायची, आणि चेकला डाव्या कोपऱ्यात दोन रेघा मारायच्या, म्हणजे तो खिडकीवर रोख मिळत नाही, खात्यातच जमा होतो. हेही ध्यानात असावे की, २०१२ च्या १ एप्रिलपासून चेकची मुदत तीन महिन्यांची झाली आहे, सहा नव्हे. लुगड्याच्या घडीत ठेवून विसरलात तर कागदच उरेल. तिसरी, दर महिन्याच्या सभेत हिशेब मोठ्याने वाचायचा. आपल्यातील ज्या मावशींना अक्षर येत नाही, त्यांनाही तो समजला पाहिजे. वाटल्यास मेजावर कापड अंथरून चिंचोके मांडू. इंग्लंडच्या राजाला जे चालले, ते आपल्याला का चालू नये?

घरी गेल्यावरही एवढे करा. नवरा, दीर किंवा मुलगा म्हणाला, "इथे सही कर," तर सही जरूर करा, पण आधी आकडा लिहायला सांगा. हे भांडण नव्हे. आता पुष्कळ व्यवहार फोनवरून होतात, चेक मागे पडू लागला आहे. पण फोनवर आलेला ओटीपीचा आकडा कोणाला सांगणे, हे कोऱ्या चेकवर सही करून देण्यासारखेच आहे. कागद गेला म्हणून शह घालायची गरज संपली नाही.

जाता जाता एक सांगते. मला इंग्रजी शब्दाची एवढी मोठी वंशावळ शोधावी लागली, पण आपल्या मराठीत याला शब्द आहे, आणि तो आपण सर्वजणी शाळेत शिकलो आहोत. गणित सुटले की बाई म्हणत, "आता ताळा करून पाहा." तेव्हा एकाही मुलीला वाटले नाही की, बाईंचा आपल्यावर विश्वास नाही. ताळा जुळला की आनंदच होई, आणि पाटी उंच करून दाखवावीशी वाटे. या ताळ्यावरूनच ताळेबंद झाला, पडताळा झाला. तेव्हा 'चेक' हा शब्द कोणाला बोचत असेल तर तो आपण सोडून देऊ. काकू, आपण दर महिन्याला फक्त ताळा करू. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. त्याला अनुमोदन काकूंनीच द्यावे, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.